बांध, गादी आणि तायडे सर

तायडे सरांविषयी चांगलं बोलायचं तर मला आधी ग्लासभर पाणी प्यावं लागतं. माझं बीपी तपासणारे डॉक्टरसुद्धा पट्टा गुंडाळताना विचारायचे, "तुमचे ते सर अजून आहेत का क्लासमध्ये?" आता नाहीत. विचारलं की मी गुडघ्यांचं कारण सांगते; ते अकोल्यात मुलीकडे असतात आणि दर रविवारी न चुकता फोन करून आमच्या वेबसाइटमध्ये या आठवड्यात काय बिघडलं ते सांगतात. मी "हो सर, हो सर" म्हणते आणि फोन ठेवल्यावर सोमवारपर्यंत चिडलेली असते.

अमरावतीच्या राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर माझा वेब डिझाइनचा क्लास आहे. खाली झेरॉक्स, शेजारी ट्यूशनवाले, आणि जिन्याच्या तोंडाशी कुणाच्या ना कुणाच्या गाड्या. कोडिंग मी शिकवते. डिझाइन, म्हणजे पानाची रचना, अक्षरं, ओळी, रंग, हे सात वर्षं तायडे सरांकडे होतं. अकोल्याच्या एका छापखान्यात त्यांचं अर्धं आयुष्य खिळे जुळवण्यात गेलं होतं. छापखाना बंद पडल्यावर पंचेचाळिशीत माणूस संगणक शिकला. दोन अक्षरांमधली जागा केसभर चुकली तर त्यांना दारातून दिसायची, मला पदवी घेऊनही दिसायची नाही. म्हणून मी त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं. म्हणजे चूक माझीच आहे.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की हा माणूस आमच्या धंद्यातला एकही इंग्रजी शब्द तोंडातून काढत नाही. येत नव्हते असं मुळीच नाही, सगळे येत होते. वापरायचे नाहीत. मार्जिन म्हणजे बांध. पॅडिंग म्हणजे गादी. ओळींमधलं अंतर म्हणजे तास, नांगराचं असतं ते. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी लिंक म्हणजे पांदण, शेताशेतांमधून जाते ती वाट. फॉर्मच्या रिकाम्या चौकटीत 'येथे नाव लिहा' असं फिकट अक्षरात दिसतं ना, त्याला जगभर प्लेसहोल्डर म्हणतात. सर त्याला रुमाल म्हणायचे. एसटीत खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकतात तसा. आणि पान बदललं तरी ब्राउझर जुनंच दाखवत राहिला की ओरडायचे, "अबे, शिळं वाढून राह्यला तो! शिळं फेक आधी!" मग सगळा वर्ग ब्राउझरने साठवलेली जुनी पानं पुसून टाकायचा. शेजारच्या ट्यूशनवाल्या बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मॅडम, तुमच्याकडे मेस पण चालते का?"

विचारणारच. कारण प्रत्येक नव्या बॅचचा पहिला तास डब्यांचा असे. मुलांनी घरून डबे आणायचे आणि उघडून टेबलावर मांडायचे. सर एकेका डब्यात बोट दाखवत फिरत. "हे भाजी म्हंजे तुहा मजकूर. भाजी डब्याले लागू नये म्हून खाली पोळी घातली तुह्या मायनं, हे गादी. डब्याचा पत्रा म्हंजे कड. आन् तुहा डबा अन् याचा डबा, या दोघांच्या मधात जे जागा सुटली, थो बांध. कोनाचा बांध कोरायचा नाही. समजलं?" पोरांना समजायचं, हे मी नाकारत नाही. पण कीबोर्डला तेल लागायचं. एकदा माउसखाली लोणच्याची फोड सापडली. मी म्हटलं, "सर, पुस्तकात याची आकृती आहे, ती दाखवा ना." तर म्हणाले, "आकृतीले वास येते का?"

गिऱ्हाइकांशीही हेच. क्लासबरोबर आम्ही छोटी कामं घ्यायचो. अकोल्याचे एक साड्यांचे व्यापारी वेबसाइट करून घ्यायला आले. सरांच्याच ओळखीचे, त्यांच्याच गल्लीतले. सरांनी पान केलं, मधोमध एक साडी, खाली दुकानाचं नाव, आणि भोवताली मोकळी पांढरी जागा. मला स्वतःला ते फार आवडलं होतं. व्यापारी पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सर, हे बाकीचं काहून रिकामं ठेवलं?"

"पडीत आहे थे," सर म्हणाले. "जमिनीले पडीत ठेवा लागते. तवा बाजूचं पीक दिसते."

"पडीत ठेवाले मी काय जहागीरदार आहो का? मह्या दुकानात चारशे साड्या आहे. साऱ्या टाका."

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे म्हटलं असतं, बरं, अजून तीन टाकू. सरांनी त्या सत्तरीच्या गृहस्थांना समोर बसवून पाऊण तास पडीत जमिनीचे फायदे सांगितले. गृहस्थांनी चहा संपवला, मला नमस्कार केला आणि गेले ते गेलेच. सर हळहळले, पण कशाबद्दल? "पाहा मॅडम, वावर असून मानसाले पडीत समजत नाही." काम गेल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना मोठ्या प्रेमाने दिली. चौथ्या दिवशी ती माझ्या टेबलावर परत आली, लाल पेनाने खुणा केलेली. आहेरासारखी घडी घालून, वर अक्षत ठेवून. "ओळी एकमेकीच्या अंगावर पडून राहिल्या," त्यांनी सांगितलं, "नवरीचं नाव तर गुदमरूनच गेलं." पत्रिका सहाशे छापून झाल्या होत्या, वाटून झाल्या होत्या. मी म्हटलं, "सर, आता याचं काय करू?" तर म्हणाले, "करू काही नोका. मले दिसलं म्हून सांगतलं." लग्नाला मात्र सहकुटुंब आले, पंगतीत वाढायला उभे राहिले, आणि निघताना प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सपुढे इतका वेळ मान वाकडी करून उभे होते की आमचे व्याही घाबरून विचारायला आले.

असं सात वर्षं. मी भांडले नाही असा महिना गेला नाही. माझा मुद्दा एकच होता: आपली पोरं उद्या पुण्याला, हैदराबादला मुलाखतीला जाणार. तिथे कुणी 'गादी किती ठेवली' असं विचारणार नाही. शिकवा तुमच्या शब्दांत, पण खरं नाव सांगा. सर म्हणायचे, "नाव का, एका दिवसात पाठ होते. आधी वस्तू तं समजू द्या." तो एक दिवस मात्र त्यांच्या वेळापत्रकात कधी यायचाच नाही. चलाख पोरं इंग्रजी नावं माझ्याकडून उचलायची, म्हणून निभावलं.

मग संध्या खंडारे आली.

संध्या अडतीस वर्षांची. भातकुलीहून रोज यायची. अमरावतीतल्या एका डीटीपीच्या दुकानात चौदा वर्षं ती मराठी टाइप करत होती. दुकान दिवाळीनंतर बंद होणार हे मालकांनी सांगून टाकलं होतं. घरी सासू, दोन मुली. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. दुसरं कुठलं काम येत नाही आणि वावर, म्हणजे शेती, नाही, हे तिने पहिल्या दिवशीच मला सांगितलं. मी तिला समजावलं, धीर दिला, आणि माझ्या पद्धतीप्रमाणे इंग्रजी शब्दांची दोन पानी यादी हातात दिली. दुसऱ्या दिवशी ती यादी तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि "माह्याकून नाही होनार मॅडम" म्हणून जिना उतरायला लागली. जिन्यात तायडे सर भेटले. ते तिला काय म्हणाले ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं. त्यांनी विचारलं होतं, "बाई, डब्यात काय आनलं?"

ती परत वर आली. सहा महिन्यांत तिने जे काम केलं तसं माझ्या इंजिनियर झालेल्या विद्यार्थ्यांनी केलं नाही. एका शाळेचं पान तिने असं नीटनेटकं बांधलं की मोबाइलवर, लॅपटॉपवर, कुठेही उघडा, कुठे सुरकुती नाही. मी हे मान्य करते. लिहूनही देते. पण तोंडात सगळे सरांचे शब्द!

दिवाळीआधी एका पुण्याच्या कंपनीची जागा निघाली. घरी बसून काम, मराठी वेबसाइट करायच्या. जणू तिच्यासाठीच काढलेली. मुलाखत ऑनलाइन, आमच्याच ऑफिसमध्ये. समोर पडद्यावर तिशीचाही नसेल असा एक मुलगा. सभ्य होता, हसरा होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, पॅडिंग आणि मार्जिन यांत फरक काय?

मी संध्याच्या बाजूला, कॅमेऱ्याबाहेर. उत्तर तिला झोपेतही आलं असतं. ती म्हणाली, "सर, एक गादी असते... आन् एक बांध..." आणि थांबली.

"सॉरी, काय असतं?" मुलगा म्हणाला. त्याने हसू दाबलं, पण ते तिला दिसलं. पुढच्या चार प्रश्नांना ती "माहीत नाही" म्हणाली. तिला चारही माहीत होते.

त्या दिवशी मी तायडे सरांना जे बोलले ते आयुष्यात कुणाला बोलले नसेन. राग आला की माझीही वऱ्हाडी बाहेर पडते. "तुमच्या हट्टापायी त्या बाईची भाकर गेली," मी म्हटलं. "मी सात वर्षांपासून बोंबलून राहिली. एक दिवस! एक दिवस तुमाले नावं शिकवाले भेटला नाही?"

सर खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी पंचेचाळिसाव्या वर्षी अकोल्यात क्लास लावला होता. मास्तर इंग्रजी नावं सांगे, मी मान हालवे. तीन महिने हालवली. घरी बायकोले सांगे, चांगलं चालू आहे. एक अक्षर समजलं नाही मले. मंग मीच मनातल्या मनात नावं ठेवली, तवा समजलं. म्हून मले वाटे..." मला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता आणि मी तसंच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर भिंतीवरचा त्यांचा तक्ता गायब. सात वर्षं टांगलेला तो तक्ता, बांध, गादी, तास, पांदण, स्वतःच्या हाताने बोरूने लिहिलेला. त्या जागी संगणकावर छापलेली, माझी दोन पानी इंग्रजी यादी. आणि सर संध्याकडून घोकून घेत होते: "मार्जिन. म्हना. पॅडिंग. म्हना." त्यांच्या तोंडून ते शब्द ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. सात वर्षं मागत होते ना मी? उलट मला कसंतरीच झालं.

एवढ्यावर थांबले असते तर ते तायडे सर कसले. त्यांनी माझ्या मेलमधून त्या मुलाचा नंबर काढला आणि त्याला फोन लावायला सुरुवात केली. मला न सांगता. पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी पाचदा. तो मीटिंगमध्ये असला की हे म्हणायचे, "काही हरकत नाही, मी लाइनीवरच आहो." मला कळलं तेव्हा मी डोकं धरून बसले. मुलाखतीत नापास झालेल्या उमेदवारासाठी मास्तरने कंपनीला फोन करायचे असतात का? आमच्या क्लासचं नाव पुण्यात काय राहणार? मी माफीचा मेल लिहायला घेतला, तेवढ्यात त्या मुलाचाच मेल आला. शुक्रवारी सकाळी अकराला पुन्हा भेटू, प्रत्यक्ष काम करून घेऊ, आणि कृपया सरांना सांगा की आता फोन करू नका.

शुक्रवारी मी सरांना बजावलं की खोलीत बसायचं तर मागच्या भिंतीशी बसा आणि तोंडातून शब्द काढू नका. त्यांनी लहान मुलासारखी मान हलवली.

सुरुवात छान झाली. मार्जिन, पॅडिंग, बॉर्डर, लाइन हाइट. संध्याने व्याख्या धडाधड म्हटल्या. मुलगा खूश दिसला. मग त्याने स्वतःच्या कंपनीचं एक पान पडद्यावर आणलं. एकाखाली एक दोन चौकटी. "वरच्या चौकटीला खालून चाळीसचं मार्जिन आहे, खालच्या चौकटीला वरून तीसचं. मध्ये सत्तर जागा पडायला हवी. पडतेय फक्त चाळीस. का?"

संध्याने पुन्हा व्याख्या म्हटली. तो म्हणाला, "ते बरोबर, पण असं का होतंय?" तिने तीच व्याख्या परत म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फाटला. पाठ केलेल्या शब्दांत हे उत्तर कुठेच नव्हतं. मला उत्तर येत होतं आणि मी नखं खात बसले होते.

मागे खुर्ची वाजली. तायडे सर उठून सरळ कॅमेऱ्यासमोर आले. मी त्यांचा सदरा मागून ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. "साहेब," ते म्हणाले, "फोन मीच करत होतो. चूक या बाईची नाही, माही आहे. मी आता बाहेर जातो. दार लावून घेतो, म्हंजे मी सांगतलं असं होनार नाही. तुमी फक्त तिले एवढं म्हना, का तुह्या भाषेत सांग." आणि खरंच गेले. जिन्यावरून त्यांचा एकेक पाय उतरल्याचा आवाज येत होता, गुडघा दुखायचा म्हणून सावकाश.

मुलगा जरा गोंधळला. मग म्हणाला, "ताई, सांगा तुमच्या भाषेत."

संध्याने डोळे पुसले. पडद्यावरच्या दोन चौकटींकडे पाहिलं. "साहेब, हे दोन वावरं आहे," ती म्हणाली. "एकानं चाळीस सोडलं, एकानं तीस सोडलं. पन दोन वावरांच्या मधात बांध तं एकच राहते ना. ज्यानं जास्त सोडलं तेवढाच बांध. दोघांचा मिळून होत नाही."

तो मुलगा जागच्या जागी सरसावून बसला. "आणि मला सत्तरच हवे असतील तर?"

"तं एकाच्याच आंगानं सत्तर सोडा. दोघांनी सोडत बसलं का भांडनं होते."

मग तो मोठ्याने हसला, या वेळी दाबून नाही. "आमच्याकडे दोन वर्षांचा अनुभव असलेल्याला मी परवा हे पाऊण तास समजावत होतो," तो म्हणाला. एक तारखेपासून कामाला लागायला जमेल का, असं त्याने विचारलं. संध्या "हो" म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. तिला एकटीला रडू द्यावं आणि सरांना निकाल सांगावा म्हणून मी धावत खाली गेले.

खालच्या चहाच्या टपरीवर सर नव्हते. फोन बंद. वर येऊन पाहिलं तर त्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर, पेपरवेटखाली. सकाळीच ठेवली असणार. त्याखाली कागद: 'माझ्या शिकवण्याने माणसाचे नुकसान होते असे दिसते. यापुढे येत नाही.' बस. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. अहो, निकाल तरी ऐकायचा! अकोल्याला मुलीकडे नाही तर जाणार कुठे, म्हणून मी स्कूटी काढली आणि एसटी स्टँडवर गेले.

अकोल्याची गाडी सुटायला टेकली होती. सर खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी, नजर समोरच्या सीटच्या पाठीवर. मी हेल्मेटसकट खिडकीखाली उभी राहून ओरडले, "सर! झालं तिचं! घेतलं तिला! तुमच्याच शब्दांत सांगितलं तिने!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हलला, ओठ हलले, एकदा त्यांनी पिशवीच्या बंदाने डोळे टिपले. मला वाटलं आता उतरतील. उतरा म्हणून मी हातही केला. कंडक्टरने घंटी मारली.

"थे जेवली का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"सकाळपासून उपाशी आहे थे बाई. घाबरून डबाही आनला नाही. जेवली का?"

"मला काय माहीत सर, मी तुम्हाला सांगायला—"

"मंग तुमी इथं काय करून राहिल्या?" गाडी हलली तसे ते खिडकीतून बाहेर वाकून खेकसले. "जा! आधी तिले जेवू घाला!"

सात वर्षांत त्यांचं एक वाक्य मी वाद न घालता ऐकलं नव्हतं. गाडी फाटकाबाहेर वळायच्या आत मी स्कूटीला किक मारून माघारी निघाले होते.